एकसष्टाव्या किलोमीटरवरचा काटा

गेल्या जानेवारीत शेजारच्या जिल्ह्यात ९२ किलोमीटरची एक सायकल शर्यत झाली. एकसष्टाव्या किलोमीटरला आमच्या संघातल्या एकाच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. बाभळीच्या काट्याने पंक्चर होणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. पण त्या पंक्चरनंतर सात जणांचा आमचा संघ जवळजवळ फुटला, आणि का फुटला हे समजून घ्यायला मला महिना लागला. मी या संघाची व्यवस्था बघतो, म्हणजे प्रवेशअर्ज, गाडी, पाणी, हवेचा पंप आणि पहाटे फोन करून उठवणं. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितोय. माझा वाटा त्यात मोठा आहे, तोही लिहितोय.

आम्ही सात जण

नाशिकच्या अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वय सत्तेचाळीस, त्यामुळे मी शर्यतीत उतरत नाही, सरावाला मात्र असतो. बाकीच्यांना आम्ही ज्या नावांनी हाक मारतो तीच इथे वापरतो. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत, रात्री केव्हाही बोलावणं येतं. सर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. बागवाले मोहाडीकडचे, चार एकर द्राक्ष. हवालदार पोलीस खात्यात. ताई क्रीडाशिक्षिका, शर्यतीत महिलांच्या गटात उतरते, पण सराव आमच्याबरोबर करते आणि खरं बोलायला घाबरत नाही. इंजिनिअर एकतीस वर्षांचा, उंच, सपाटीवर आमच्यातला सगळ्यात वेगवान, घरून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. आणि धाकटा. एकोणीस वर्षांचा, गिरणाऱ्याचा. वडील पिकअप चालवतात, हंगामात टोमॅटो वाहतात. वजन बावन्न किलो आणि चढ लागला की वेगळाच माणूस.

त्यात मला धरलं तर आठ होतात, पण शर्यतीत उतरणारे सात म्हणून आम्ही सातच म्हणतो.

आम्ही आलो कुठून हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाशिकचं सायकलिंगमधलं नाव झालं ते लांब पल्ल्यामुळे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, साधारण ४,८०० किलोमीटर, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. २०१७ मध्ये नाशिकमध्ये सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. पंढरपूरची सायकलवारी तर घराघरात पोचलेली आहे. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी आधी ब्रेव्हे केल्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सफरी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस तासांत. या प्रकारात नियमच असा आहे की दोन नियंत्रण ठाण्यांच्या मध्ये कुणाची मदत घ्यायची नाही. आपलं पंक्चर आपण काढायचं, आपली भूक आपण सांभाळायची, वेळेत पोचलो की झालं. पहिला कोण आणि शेवटचा कोण, याला तिथे अर्थ नाही.

मला हा प्रकार फार आवडतो. पण या शिस्तीत वाढलेला माणूस रोड रेसला आला की त्याच्या सवयी आडव्या येतात. रोड रेस घोळक्यात चालते. पुढच्याचं चाक धरून बसलं, म्हणजे त्याच्या अगदी मागे चिकटून चालवलं, की साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते, कारण ताशी चाळीसच्या वेगाला सपाटीवर जवळजवळ सगळी लढाई वाऱ्याशीच असते. म्हणून एकाने जिंकायचं असेल तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा कापायचा, खड्डा आला तर हात दाखवायचा, पाणी पोचवायचं आणि शेवटी स्वतः मागे पडायचं. नाव एकाचं लागतं, पाय सगळ्यांचे जातात. हे आम्हाला पुस्तकी माहीत होतं. अंगात मुरलेलं नव्हतं.

पाऊस ते डिसेंबर

पावसाळ्यात आम्ही पाया घातला. मंगळवार-गुरुवार पहाटे सव्वापाचला गंगापूर रोडला जमायचं, सोमेश्वरवरून गिरणाऱ्यापर्यंत जाऊन यायचं. शनिवारी लांब. श्रावणात त्र्यंबक रस्ता टाळायचो, तिसऱ्या सोमवारच्या प्रदक्षिणेची गर्दी आठवडाभर आधीपासून जाणवते. घोटी-इगतपुरीकडे तर जुलैत जाणंच शक्य नसतं. तिकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, रस्त्यावरचा खड्डा आणि डबकं यांतला फरक दिसत नाही. त्या दिवसांत घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, पाय मारायचे.

ऑक्टोबरमध्ये इंजिनिअरने नवी सायकल घेतली. कार्बनची फ्रेम, चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारे डिस्क ब्रेक, मागच्या चाकावर बारा गिअरची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच. आम्ही पेढे खाल्ले, फोटो काढले. बाकी सगळ्यांच्या सायकली जुन्या पद्धतीच्या, रिम ब्रेकच्या, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेला धरणारा. धाकट्याची तर वापरलेली अ‍ॅल्युमिनियमची, मीच जुळवून दिलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

नोव्हेंबरची पहिली शर्यत सपाट होती. इंजिनिअर दुसरा आला. शेवटच्या दोन किलोमीटरला हवालदारांनी त्याला असं काही ओढून नेलं की त्यांना पुढे दहा मिनिटं बोलता येत नव्हतं. बागवाले आलेच नव्हते. फळछाटणी होऊन गेलेली, पाऊस लांबलेला, डावणी रोगासाठीची फवारणी सोडून येणं शक्य नव्हतं, आणि त्यांनी ते आधीच सांगितलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला चढाची शर्यत. चाळीसेक किलोमीटर सपाट, मग घाट, वरती शेवट. या शर्यतीसाठी धाकट्याने महिनाभर नांदुरीवरून सप्तशृंगी गडाचा चढ केला होता. साधारण दहा किलोमीटरचा चढ, एका सकाळी दोनदा. सरांनी त्याला एक हिशोब समजावून सांगितला होता, तो इथे देतो, कारण बरीच पोरं हलक्या चाकांच्या मागे कर्ज काढतात. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, सहा टक्क्यांचा चढ, ताशी १२ चा वेग: दहा किलोमीटरला ५० मिनिटं लागतात. सायकल एक किलोने हलकी केली तर जेमतेम अर्धा मिनिट वाचतं. अर्धा मिनिट शर्यतीत मोठा आहे, हे खरं. पण पोटात काही नसेल तर त्याच चढावर पाच मिनिटं जातात. धाकट्याने चाकांचा विषय सोडला आणि राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर खिशात घालायला लागला.

तो ती शर्यत जिंकला, आमच्या संघाचा पहिला विजय. पाकिटात ११,००० रुपये. आम्ही वरती नाचलो. मी रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या नाचात एक गोष्ट दिसली नाही. घाटाच्या पायथ्यापर्यंतचे चाळीस किलोमीटर इंजिनिअरने धाकट्याला आपल्या मागे सावलीत, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, ठेवलं होतं. समोरून वारा होता. पायथ्याला धाकटा ताजा होता आणि इंजिनिअर संपलेला. तो वर पोचला तेव्हा बक्षीस समारंभ चालू झाला होता. माईक धाकट्याच्या हातात दिला गेला. पोराने आयुष्यात पहिल्यांदा माईक धरलेला. गडावरच्या देवीचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आणि खाली उतरला.

डिसेंबरच्या शेवटी दिंडोरी रोडला सरावात डॉक्टर पडले. पुढच्याच्या मागच्या चाकाला त्यांचं पुढचं चाक शिवलं. असं झालं की पडतो तो मागचाच. गळपट्टीचं हाड मोडलं. सायकलस्वाराचं हेच हाड जातं, कारण माणूस पडताना हात पुढे टाकतो. डॉक्टरांचा हंगाम तिथेच संपला, आणि त्याच्याबरोबर संघातला शांत माणूसही गेला.

त्या दिवशी

जानेवारीची शर्यत. पहाटे बोचरी थंडी, निफाडकडे पारा घसरला की आपल्याकडेही हँडल धरवत नाही. आम्ही पाच जण उतरवले. योजना मी सांगितली: शेवट सपाट आहे, इंजिनिअर आपला माणूस, धाकट्याने त्याच्याजवळ राहायचं. एवढंच. “जवळ राहायचं” म्हणजे काय, पंक्चर झालं तर काय, हे मी बोललो नाही.

आयोजकांच्या सकाळच्या बैठकीत सांगितलं होतं की बंदोबस्ताच्या सोयीसाठी संघांच्या गाड्या शेवटच्या घोळक्याच्या मागेच राहतील. ते मी ऐकलं. पोरांना सांगितलं नाही, डोक्यात पाण्याच्या बाटल्या होत्या.

पन्नासाव्या किलोमीटरनंतर रस्ता वळला आणि वारा बाजूने आला. आडव्या वाऱ्यात मागे बसून सावली मिळत नाही, तिरकं बसावं लागतं, आणि रस्त्याची रुंदी संपली की मागचे कडेला लटकतात आणि तुटतात. घोळका तीन तुकड्यांत फुटला. पुढे चौदा जण, त्यात आमचे दोघे. सर, हवालदार आणि बागवाले मागे पडले. मी माझी ईको घेऊन आणखी मागे.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, त्यातलं जुळणारं एवढं: इंजिनिअरचं मागचं चाक बसलं, तो कडेला झाला. धाकटा दहा सेकंद हळू झाला, मागे वळून ओरडला, “दादा, चाक?” इंजिनिअरने त्याच्या चाकाकडे पाहिलं, मान हलवली आणि काहीतरी ओरडला. धाकटा पुढे गेला.

मी पोचलो तेव्हा इंजिनिअर बाभळीखाली उभा होता. सायकल उलटी, मागचं चाक काढून तयार. नंतर त्याच्या सायकलच्या मीटरवरून वेळ काढली: सहा मिनिटं चाळीस सेकंद. मी उतरलो, डिकी उघडली, चाक काढलं आणि त्याच्या हातात देताना माझं मलाच कळलं. रिम ब्रेकचं चाक. त्याच्या फ्रेमला मागे १४२ मिलिमीटरची जागा आणि १२ मिलिमीटरचा आरपार जाणारा दांडा. माझ्या हातातलं चाक १३० मिलिमीटरचं, जुन्या क्विक रिलीजचं, म्हणजे खटक्याने आवळायच्या बारीक दांड्याचं. डिस्क बसवायला त्यावर जागाच नाही. ते चाक त्या सायकलला कधीच बसणार नव्हतं.

इंजिनिअर काही बोलला नाही. सायकल गाडीत टाकली आणि पुढच्या सीटवर बसला. शेवटच्या रेषेपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. तिथे पोचलो तेव्हा ध्वनिक्षेपकावर धाकट्याचं नाव चालू होतं. तिसरा आला होता.

परतताना ढाब्यावर थांबलो. शेवभाजी आली, भाकरी आली. धाकटा हात धुऊन आला आणि इंजिनिअरच्या समोर बसला.

“एकट्याचीच शर्यत होती ना तुझी?” इंजिनिअर म्हणाला.

“दादा, तुम्हीच सांगितलं ना.”

“काय सांगितलं मी?”

“थांबू नको म्हणालात.”

“अरे, मी ‘थांब ना’ म्हणालो! थांब ना!”

धाकट्याने खिशातून पाकीट काढलं, कांद्याच्या ताटलीशेजारी ठेवलं, उठला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. जेवला नाही. ताईने पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. रात्री पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर धाकट्याने ग्रुप सोडल्याचं दिसलं.

‘थांब ना’ आणि ‘थांबू नको’. वारा अंगावर येत असताना, दहा-पंधरा मीटरवरून, हेल्मेटच्या पट्ट्यांच्या फडफडीत, हे दोन्ही एकसारखेच ऐकू येतील. मी स्वतः वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत ताईला उभं करून ओरडून पाहिलं. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं याची माझी खात्री आहे.

तपासायला घेतलं तेव्हा

पंधरा दिवस सराव झाला नाही. मग मी गिरणाऱ्याला गेलो. धाकट्याचे वडील अंगणात पिकअपच्या टायरला हवा मारत होते. म्हणाले, “पोरानं चूक केली असेल तर सांगा, साहेब. पाय धरायला लावतो.” त्याची सायकल रिकाम्या क्रेटांच्या मागे उभी होती, वर गोणपाट टाकलेलं. धाकटा चहा घेऊन आला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मला वाटलं दादांनी मला पुढं पाठवलं. त्यांचं गेलं म्हणून माझं तरी यावं, असं. म्हणून मी जीव तोडून गेलो.”

मी चहा प्यायलो आणि निघालो. मला काही सुचलं नाही.

इंजिनिअरशी बोललो तेव्हा तो आधी चाकाबद्दलच बोलत राहिला. मग त्याने डिसेंबर काढला. “पैशांचं नाही हो, काका. मी त्याला पायथ्यापर्यंत वाऱ्यातून नेलं. त्यानं वरती माझं नाव घेतलं नाही. आणि तुम्हीही नाही घेतलं.” हे खरं होतं. मी नाचत होतो.

व्यावसायिक संघांमध्ये बक्षिसाची रक्कम जिंकणारा एकटा घेत नाही, ती सोबत्यांमध्ये आणि मेकॅनिकपर्यंत वाटली जाते. ती मेहरबानी नसते, ज्याने वारा कापला त्याचा तो हक्क असतो. आमच्याकडे हा विषय निघालाच नव्हता. प्रवेश फी कुणी भरली, पेट्रोल कुणाचं, याचाही हिशोब मी ठेवला नव्हता. इंजिनिअरने तीनदा सगळ्यांची फी ऑनलाइन भरली आणि “राहू द्या” म्हणाला. मी राहू दिलं. आता वाटतं, ज्याला आपण “राहू द्या” म्हणू देतो तो माणूस मनात खातं उघडतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

आता मूळ प्रश्न, ज्यावर आमच्यात दोन तट पडले होते: धाकटा थांबला असता तर काय झालं असतं?

सर हे कागदावर घेऊन आले. पहिली गोष्ट, धाकट्याचं चाक इंजिनिअरच्या फ्रेमला बसलं नसतं, ज्या कारणाने माझं बसलं नाही त्याच कारणाने. पूर्ण सायकल दिली असती तर? धाकटा पाच फूट चार इंच, इंजिनिअर जवळजवळ सहा फूट. गुडघे हनुवटीला लागले असते. शिवाय धाकट्याची पेडल दोन बोल्टच्या क्लीटची (बुटाच्या तळाला बसणारी, पेडलमध्ये अडकणारी पट्टी), इंजिनिअरचे बूट तीन बोल्टचे, पाय अडकलाच नसता. म्हणजे उरलं एकच: दोघांनी मिळून गाडीची वाट बघायची आणि मग पाठलाग करायचा, गाडीत बरोबर चाक असतं असं धरून.

पुढचा घोळका ३८ च्या वेगाने चालला होता. सहा मिनिटं चाळीस सेकंदांत तो सव्वाचार किलोमीटर पुढे गेलेला. शर्यत उरली ३१ किलोमीटर. घोळक्याला ती संपवायला ४९ मिनिटं लागणार, म्हणजे या दोघांच्या हातात ४२ मिनिटं. ताशी ४४. वाऱ्याविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे ३८ वरून ४४ ला जायला दीडपटीहून जास्त जोर लागतो, आणि तोही दोघांनी आलटून पालटून, जिथे पुढचे बारा जण एकमेकांच्या सावलीत बसलेले. सरांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, “हे दोघं तर सोडाच, आपण सातही जण असतो तरी जमलं नसतं.”

तेव्हा धाकट्याने पुढे जाणं बरोबर होतं. इंजिनिअरने ‘थांब ना’ म्हटलं असो की ‘थांबू नको’. आणि इंजिनिअरचा राग चुकीच्या माणसावर निघाला असला तरी राग खोटा नव्हता. त्याची शर्यत खरं तर ऑक्टोबरमध्येच अडकली होती, ज्या दिवशी आम्ही नव्या सायकलचे पेढे खाल्ले आणि मी गाडीतल्या चाकांकडे बघितलं नाही त्या दिवशी. ब्रेव्हेच्या सवयीने मी पंक्चरचा विचार नेहमी असा करत आलो: ट्यूब आहे ना, टायर काढायची लिव्हर आहे ना, काढेल तो. ब्रेव्हेत सात मिनिटं म्हणजे एक चहा. रोड रेसमध्ये सात मिनिटं म्हणजे घरी जा.

ताईच्या घरी

बैठक ताईने बोलावली. तिच्याच घरी, रविवारी सकाळी, मिसळ करून. मोबाइल बाहेरच्या टेबलावर. धाकट्याला आणायला डॉक्टर गेले, हात गळ्यात अडकवलेला असताना, बायकोला गाडी चालवायला लावून. डॉक्टर आले म्हटल्यावर धाकटा नाही म्हणू शकला नाही.

मी आधी बोललो. चाक, बैठकीतली सूचना, फीचा हिशोब, डिसेंबरमध्ये न घेतलेलं नाव, सगळं. मग सरांनी कागद दाखवला. इंजिनिअरने तो दोनदा वाचला. धाकट्याकडे बघून “बरोबर गेलास तू” एवढंच म्हणाला. धाकटा म्हणाला, “दादा, डिसेंबरला माईकवर मला तुमचं पूर्ण नावच आठवेना. सगळे दादाच म्हणतो ना आपण.” त्यावर कुणी हसलं नाही. मला वाटतं त्या वाक्याने काम झालं.

ताईने पाकीट काढून धाकट्याला परत दिलं. ते त्याचंच होतं, तेव्हा वेगळं काही ठरलेलं नव्हतं. पुढचं मात्र शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलं. यापुढे बक्षीस आलं तर निम्मं जिंकणाऱ्याचं आणि निम्मं त्या दिवशी उतरलेल्या बाकीच्यांत. फी आणि पेट्रोलची वही हवालदारांकडे, कारण त्यांचं अक्षर आणि स्वभाव दोन्ही त्या कामाचे. कुणासाठी कोण काम करणार हे आदल्या रात्री, नावानिशी. आणि रस्त्यावर ओरडायचं नाही: हात वर धरला तर थांब, हात पुढे झटकला तर जा. ही सूचना बागवाल्यांची. फवारणीच्या ट्रॅक्टरवर आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे गडी माणसं अशीच बोलतात.

डिस्कचं वापरलेलं मागचं-पुढचं चाक वर्गणीतून घेतलं. कॅसेट बारा गिअरची.

वाद एका मुद्द्यावर राहिला आणि अजून आहे. हवालदारांचं म्हणणं, संघाचा माणूस एकच ठरवायचा आणि मोडला तरी त्याच्याबरोबर मोडायचं, नाहीतर संघ कशाला म्हणायचं. सरांचं म्हणणं, परिस्थिती बदलली की माणूस बदलला पाहिजे. मी सरांच्या बाजूचा आहे. पण हवालदार नोव्हेंबरमध्ये ज्या प्रकारे स्वतःला संपवून इंजिनिअरला घेऊन गेले, ते आठवलं की त्यांच्याशी वाद घालायला मला संकोच वाटतो.

फेब्रुवारी

शेवटची शर्यत फेब्रुवारीअखेर. ऊन चढलं होतं. बागवाल्यांची तोडणी चालू, ते आले नाहीत. हवालदारांना बंदोबस्त लागला. उतरले तिघे: सर, इंजिनिअर, धाकटा. डॉक्टर माझ्या शेजारी गाडीत बसले होते, बाटल्यांमध्ये मीठ-साखर मोजून घालत. हाड जुळलं होतं, पण घोळक्यात उतरायचं की नाही हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. अजूनही नाही.

सर पस्तिसाव्या किलोमीटरपर्यंत पुढे राहून वारा कापत होते, मग तुटले, ठरल्याप्रमाणे. त्यानंतर धाकट्याने इंजिनिअरला सांभाळलं. सपाटीवर त्याचं वजन कमी पडतं, तरी शेवटच्या किलोमीटरला त्याने पुढे येऊन जीव काढला. शेवटच्या तीनशे मीटरला मागे बघितलं, हात पुढे झटकला आणि बाजूला झाला. इंजिनिअर चौथा आला. बक्षीस पहिल्या तिघांना होतं, त्यामुळे वाटणीचा नियम वहीतच राहिला, वापरला गेला नाही. धाकटा अकरावा.

रेषेपलीकडे इंजिनिअर सायकलवरच वाकून उभा होता. धाकटा येऊन त्याच्या शेजारी थांबला, दोघांची हँडलं एकमेकांना टेकली. बराच वेळ कुणी बोललं नाही, बोलण्याइतका दमच नव्हता. मग इंजिनिअरने आपली बाटली पुढे केली.

मे महिन्यात इंजिनिअरला पुण्याला बोलावून घेतलं आहे. शनिवार-रविवार येतो म्हणतो, बघू. धाकटा मात्र हल्ली दर रविवारी वर्कशॉपला येतो. चाकं कशी सरळ करायची ते शिकतोय, स्पोक घट्ट करताना जीभ बाहेर काढतो. भिंतीवर चार चाकं टांगलेली आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे: दोनांवर ‘रिम, सगळ्यांची’, दोनांवर ‘डिस्क, दादाची’.

परवा मी म्हटलं, दादा तर पुण्याला गेला, ही डिस्कची उतरवून ठेवू का वर माळ्यावर? तर म्हणाला, “राहू द्या काका, खालीच. येतील ते.”